कपाटातला चष्मा आणि चेहऱ्यातला करंट

मंडळी, आज रस्ते नाहीत, पाणीटंचाई नाही, बदल्या नाहीत. आज चष्म्यावर लिहितोय. हसू नका, पूर्ण वाचा. कदाचित तुमच्याच घरातल्या माणसाबद्दल असेल.

आपल्या जिल्ह्यात नेत्र तपासणी शिबिरं भरपूर होतात. वाढदिवस असो, जयंती असो, निवडणूक जवळ आलेली असो, मंडप पडतो, रांग लागते, नंबर काढला जातो, चष्मे वाटले जातात. फोटो येतो, बातमी लागते. मी स्वतः अशा कितीतरी बातम्या लावल्यात. चांगलं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिना-दोन महिन्यांनी त्याच गावात जा. वाटलेले काही चष्मे कपाटात, काही देव्हाऱ्यामागे, काही उशाखाली पडलेले दिसतात. घरचे म्हणतात, "म्हातारी ऐकतच नाही. चष्मा दिला तरी लावत नाही."

कुणाला नंबर चुकीचा लागलेला असतो, कुणाला सवय नसते. पण काहींचं कारण वेगळं असतं. चष्मा नाकावर टेकला की त्यांच्या गालातून करंट जातो. खरोखर विजेचा झटका बसावा तशी कळ. दोन-चार सेकंद, कधी मिनिट-दोन मिनिटं, आणि परत परत. या दुखण्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात, साध्या भाषेत चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. वैद्यकशास्त्रातल्या सगळ्यात तीव्र वेदनांमध्ये याची गणती होते. सलमान खानला हाच आजार होता आणि २०११ मध्ये त्याने अमेरिकेत जाऊन ऑपरेशन करून घेतलं, हे आपण पेपरात वाचलंय. त्याच्याकडे अमेरिका होती. धडगावच्या किंवा मोलगीच्या आजीकडे काय आहे, हा आजचा प्रश्न.

आधी आजार समजून घेऊ. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला स्पर्श कळवणारी एक मोठी नस असते. तिच्या तीन फांद्या. पहिली कपाळ, डोळा आणि नाकाच्या वरच्या भागाकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्यापासून कानाच्या पुढच्या भागापर्यंत. मेंदूजवळ या नसेवर बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी घासत असते. तिथलं आवरण झिजतं, आणि मग साधा स्पर्शसुद्धा भयंकर कळ होऊन मेंदूत पोचतो. दात घासणं, तोंड धुणं, घास चावणं, दाढी करणं, बोलणं, गार वाऱ्याची झुळूक, काहीही पुरतं. हा लकवा नव्हे. तोंड वाकडं होतं तो आजार वेगळा, त्याची नसही वेगळी.

आता चष्मा कुठे टेकतो ते बघा. नाकाच्या दोन्ही बाजूंना, मोठी फ्रेम असेल तर गालावर, आणि काड्या कानशिलावर. म्हणजे एकटा चष्मा या नसेच्या तिन्ही फांद्यांच्या हद्दीत बसतो! त्यात हा आजार जास्त करून पन्नाशीनंतर होतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आणि जवळचं दिसेनासं होतं ते चाळिशीपासून. आपण चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतो ना! ज्या वयात चष्म्याशिवाय भागत नाही, त्याच वयात हे दुखणं गाठतं. मग माणूस दोन्हीपैकी एक निवडतो, आणि बहुतेक वेळा नजर सोडून देतो. सुईत दोरा ओवता येत नाही, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट वाचता येत नाही, बँकेच्या कागदावर काय लिहिलंय ते न बघता अंगठा दिला जातो. हे नुकसान कुठल्याही अहवालात येत नाही.

मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या आपल्या बायका बघा. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय तिथे बसताच येत नाही. ज्या बाईला हे दुखणं आहे तिने फडकं बांधायचं की मजुरी सोडायची? आणि हिवाळ्यात सातपुड्यातल्या गार वाऱ्यात मोटारसायकलवर मागे बसून तालुक्याला यायचं, हे या पेशंटसाठी काय असतं याची कल्पना करा.

यात सगळ्यात मोठा घोटाळा होतो दाताचा. कळ जबड्यात येते म्हणून माणूस दात काढून घेतो. कळ थांबत नाही, दुसरा दात काढतो. एका ओळखीच्या मावशींचे असे तीन चांगले दात गेले, दुखणं तिथंच राहिलं. या आजाराची पहिली ओळख पेशंटच्या सांगण्यावरून होते. एमआरआय नंतर येतो, तो दुसरं काही कारण नाही ना आणि नसेवर रक्तवाहिनी टेकते का, हे बघायला. म्हणजे सगळं येऊन अडतं ते भाषेवर. पेशंट भिली, पावरी किंवा अहिराणीत सांगणार, डॉक्टर बाहेरून आलेला. "दात दुखतो" एवढंच कागदावर उतरतं. "कशाला हात लागला की दुखतं?" हा प्रश्न राहूनच जातो. अशा वेळी सोबत आलेल्या आशाताईने नीट दुभाषाचं काम केलं, तरी दात वाचू शकतात.

उपचार आहेत. साध्या पेनकिलरचा इथे उपयोग होत नाही. पहिली गोळी असते कार्बामाझेपिन. जुनी आणि स्वस्त आहे, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. मूळची ती फिट्सची गोळी. त्यामुळे मेडिकलवाल्याने "ही फिटची गोळी आहे" म्हटलं की लोक घाबरून बंद करतात. घाबरू नका, पण मनाने चालू-बंदही करू नका. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, थांबू नका. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, डॉक्टर सांगतील तशी तपासणी करा. आणि चष्म्याशी संबंधित एक गोष्ट लक्षात ठेवा. या गोळीने काहींना गुंगी येते, एकाचे दोन दिसतात. लोकांना वाटतं नंबर वाढला, आणि ते नवीन चष्मा करायला धावतात. आधी गोळीच्या डॉक्टरला सांगा. गोळीने भागलं नाही तर इंजेक्शनचे, ऑपरेशनचे मार्ग आहेत. त्यासाठी सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागेल. जाण्याआधी आपल्या योजनेत ते बसतं का, हे त्या हॉस्पिटलला विचारून घ्या.

आता चष्म्याचं. या नसेला जोराच्या दाबापेक्षा हलका, सरकता स्पर्श जास्त झोंबतो. म्हणून घामाने घसरणारा, ढिला चष्मा सगळ्यात वाईट. आपल्याकडच्या मे महिन्यात चष्मा दिवसातून पन्नास वेळा घसरतो, म्हणजे पन्नास वेळा नसेला डिवचणं. म्हणून:

– फ्रेम हलकी आणि लहान घ्या. टायटॅनियम किंवा लवचिक प्लास्टिकची मिळते. काच नको, प्लास्टिकची लेन्स. नंबर मोठा असेल तर पातळ लेन्स मागा.

– नाकावरच्या गाद्या सिलिकॉनच्या, थोड्या मोठ्या आणि वाकवून बसवता येतील अशा घ्या. जिथे हात लावला की कळ येते ती जागा दुकानदाराला सांगा आणि गादी तिथून सरकवून घ्या.

– हसून बघा. हसताना फ्रेम गालाला लागत असेल तर ती तुमची नाही.

– काड्या कानशिलावर आवळलेल्या नकोत, पकड कानामागे हवी. कानामागची कातडी बहुतेक वेगळ्या नसेच्या ताब्यात असते. मागून दोरी किंवा इलॅस्टिक लावलं तर घसरणं थांबतं.

– चष्मा दोन्ही हातांनी, समोरून, सावकाश चढवा. कळ येऊन गेल्यावर बऱ्याच जणांची नस थोडा वेळ शांत असते. तेवढ्यात चष्मा लावून टाकणारे पेशंट आहेत.

– ज्या दिवशी अजिबात सहन होत नाही त्या दिवशी स्टँडचं भिंग वापरा, मोबाईलवर अक्षर मोठं करा. पोरांनो, आजीच्या फोनमध्ये एवढं तरी करून द्या.

– कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार डोळ्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. या आजारावरच्या काही उपचारांनंतर डोळ्याची संवेदना कमी होते, लेन्सने जखम झाली तरी कळत नाही.

हे सगळं करून आजार बरा होत नाही. पण माणूस वाचू शकतो, शिवू शकतो, मजुरीला जाऊ शकतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. केंद्राचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुलांना आणि जवळचं न दिसणाऱ्या वयस्कर माणसांना मोफत चष्म्याची सोय आहे. पण आपल्या शिबिरांत हिशोब होतो तो किती चष्मे वाटले याचा. किती नाकांवर टिकले याचा हिशोब कोण ठेवतो? चपलेचं माप बघून चप्पल घेतो आपण, आणि चष्मा मात्र एकाच खोक्यातून सगळ्यांना सारखा!

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या. एक, प्रत्येक शिबिरात चष्मा देताना "लावल्यावर चेहऱ्यावर कुठे दुखतं का?" हा एक प्रश्न, त्या माणसाच्या भाषेत, विचारला जावा. दोन, फ्रेम वाकवून, गाद्या बसवून देणारा एक माणूस शिबिरात असावा. फार मोठा खर्च नाही. तीन, सहाही तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात कार्बामाझेपिन कायम मिळावी, आणि आता आपल्याकडे नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर मेंदू-नसांच्या पेशंटसाठी ठरलेला दिवस जाहीर व्हावा. आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचे सदस्य ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. उत्तर द्या, तेही इथेच छापतो.

जिल्हा १९९८ ला वेगळा झाला तो लोकांना धुळ्याचे हेलपाटे पडू नयेत म्हणून. चष्म्याची गादी बसवायला आणि एक स्वस्त गोळी लिहून घ्यायला तरी आता कुणाला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागू नये.

बाकी तुम्ही सगळ्यांनी आज एकच करा. घरात कुणाचा चष्मा पडून असेल तर रागवू नका. जवळ बसा आणि विचारा, "लावल्यावर दुखतं का गं?" जे उत्तर मिळेल ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. नाव-गाव नको, तालुका लिहा. यादी झाली की घेऊन जातो साहेबांकडे.