रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

पुणे, नाशिक, ठाणे परिसरात ‘असिस्टेड लिव्हिंग’ ही पाटी आता नवी राहिलेली नाही. बहुधा भाड्याचा बंगला किंवा इमारतीचा एखादा मजला, दहा-पंधरा खाटा, चार-पाच मावशी-मामा आणि अधूनमधून फेरी मारणारे डॉक्टर. हे जुन्या अर्थाचे वृद्धाश्रम नाहीत, रुग्णालयही नाही. वडिलांना आंघोळीला, संडासला जायला कुणाचा तरी हात लागतो, मुलं परगावी आणि घरी ब्युरोची बाई टिकत नाही, अशा कुटुंबांची गरज ही निवासं भागवतात. ‘टाकून दिलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक महिना ही सेवा घरी करून पाहावी.

प्रश्न आहे तो दर्जाचा. 2024 मध्ये या क्षेत्राशी संबंधित तीन गोष्टी घडल्या. महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले: चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे, लिफ्ट, आधाराचे दांडे. ऑक्टोबरमध्ये आयुष्मान भारत योजना 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, लागू झाली. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार. आणि ज्यात खासगी ज्येष्ठ निवासांची नोंदणी व किमान दर्जा सुचवला होता, ते डिसेंबर 2019 मध्ये मांडलेलं दुरुस्ती विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. याची फारशी बातमीही झाली नाही.

म्हणजे नव्या इमारतीकडे लक्ष गेलं, रुग्णालयाच्या बिलाकडे गेलं. या दोहोंच्या मधला, रोजच्या काळजीचा भाग तसाच राहिला. खुब्याचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेला विमा आहे. ते मोडू नये म्हणून रात्री जागणाऱ्या मदतनिसाच्या पगाराला नाही.

आणि रात्रच महत्त्वाची. प्रोस्टेटचा त्रास किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यामुळे वृद्ध माणूस रात्री दोन-तीनदा उठतो. झटकन उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो, त्यात झोपेच्या गोळीची गुंगी. पंधरा जणांमागे एकच मदतनीस, तोही पेंगत असला, की पडणं ठरलेलं. यावरचा सोपा आणि वाईट उपाय म्हणजे सगळ्यांना गाढ झोपवणं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारावरील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. क्वचित अशी औषधं लागतातही, पण ती रुग्णाच्या गरजेने, मनुष्यबळाच्या टंचाईमुळे नव्हे. भेटायला गेल्यावर आई दुपारी बाराला पेंगुळलेली दिसली, तर औषधांची यादी मागून घ्या.

छोट्या निवासाचा खरा फायदा वेगळाच आहे. म्हातारपणी संसर्गात ताप येईलच असं नाही. लघवीच्या संसर्गात किंवा न्यूमोनियात माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो, जेवण सोडतो, एवढंच दिसतं. तहानेची जाणीवही मंदावते. रोज भरवणारी मावशी ‘आजी आज वेगळ्या वाटतात’ म्हणते, तेव्हा तिचं म्हणणं तापमापकाच्याही आधी खरं ठरू शकतं. पण ती मावशी दर दोन महिन्यांनी बदलत असेल, तर हा फायदा शून्य. या कामाचं प्रशिक्षण आणि बरा पगार यांबद्दल सरकार आणि चालक दोघेही गप्प असतात; मासिक शुल्क कमी सांगून स्पर्धा करायची, तर कात्री पहिली इथेच लागते.

निवास निवडताना बाग आणि टीव्ही बघून होतो. त्याऐवजी विचारा: रात्री किती जण ड्यूटीवर असतात आणि किती रहिवाशांमागे? गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले, त्याची नोंद कुठे आहे? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का, ते कुठे लिहिलेलं असतं? सर्वात जुनी मावशी किती वर्षांची? वयाने नव्हे, नोकरीने. अनामत रक्कम परत कधी मिळते, हेही करारात वाचून घ्या. आणि शक्य असेल तर एकदा न कळवता, रात्री नऊनंतर जाऊन या.