बंगल्यामागचा जुना स्विमिंग पूल: नीट चालवा, नाहीतर बुजवा

समजा, तुम्ही बेलवलीत एक जुना बंगला घेतला आणि त्याच्यासोबत मागच्या अंगणातला स्विमिंग पूलही आला. आधीच्या मालकाने हौसेने बांधलेला, नंतर काही वर्षं कुणी ढुंकूनही न पाहिलेला. पाणी हिरवंगार, तळाशी पाला आणि गाळ, मोटर गंजलेली. मुलं विचारतात, "कधी सुरू करायचा?" मोठी माणसं म्हणतात, "आधी घराचं काम उरकू, मग बघू."

डॉक्टर म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तो तलाव नीट चालवायचा असेल तर जरूर दुरुस्त करा. रोज लक्ष देणं जमणार नसेल तर बुजवून टाका. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे "मग बघू".

याचं पहिलं कारण डास. आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तुमचं रंगकाम संपेपर्यंत त्या पाण्यात डासांच्या कित्येक पिढ्या निघतात. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास विहिरी आणि टाक्यांमध्ये वाढतो. मुंबईतल्या मलेरियाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनी 1911 मध्ये अहवाल दिला, तेव्हा बोट ठेवलं होतं ते घरोघरच्या विहिरींवर. त्या बुजवण्या-झाकण्यावरून तेव्हा बरेच वादही झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीमध्ये 2007 साली कर्ज थकल्यामुळे अनेक घरं ओस पडली. त्यांच्या अंगणातले पूल हिरवे झाले, आणि त्या उन्हाळ्यात डासांमुळे होणाऱ्या वेस्ट नाईल तापाचे रुग्ण 276 टक्क्यांनी वाढले. पूल तुमच्या मालकीचा असला तरी डास कुंपण मानत नाही. तुमच्या अंगणातला मलेरिया शेजारच्या आजींनाही होतो.

म्हणून काम सुरू व्हायला वेळ लागणार असेल तर निदान आज एक गोष्ट करा. आरोग्य विभागाकडे गप्पी मासे मागा आणि त्या पाण्यात सोडा. ते डासांच्या अळ्या खातात. मात्र क्लोरीन टाकण्याआधी त्यांना बाहेर काढा, आणि नदी-नाल्यात सोडू नका.

दुसरं कारण बुडण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 3 लाख माणसं बुडून मरतात, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं असतात. लहान मूल बुडताना ओरडत नाही. हिरव्या पाण्यात तर तळ दिसत नाही, त्यामुळे मूल कुठे आहे तेही कळत नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी कुंपण, मग मोटर, मग पाणी, आणि टाइल्स सगळ्यात शेवटी. कुंपण चारही बाजूंनी, निदान चार फूट उंच, आणि दार आपोआप बंद होणारं हवं. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका, कारण मूल घरातूनच येणार असतं.

आता सफाई. ऐन पावसाळ्यात पूल पूर्ण उपसू नका. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं, आणि आतल्या पाण्याचं वजन गेलं की त्या दाबाने तळ फुटू शकतो, कधी अख्खी टाकी उचलली जाते. दिवाळीनंतर जाणकार माणसाला विचारून उपसा.

तळाचा गाळ साधा समजू नका. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 2019 च्या जुलैमध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. पुराचं पाणी नसलं तरी उंदरांचं मूत्र गाळात असतंच, आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. सफाई करणाऱ्या माणसाला गमबूट आणि रबरी हातमोजे द्या. पायाला जखम असेल तर त्याला त्या दिवशी उतरवू नका. पुढच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "गाळात काम केलं होतं" हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होतं.

ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि फुप्फुसांना इजा होते. पावडर पाण्यात टाका, पावडरवर पाणी ओतू नका. जुनी वायरिंग बदला, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवल्याशिवाय मोटर सुरू करू नका.

मग एक दिवस पाणी निळं होतं आणि सगळे खूश होतात. पण निळा रंग बराचसा टाइल्सचा असतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पुलात जवळजवळ 45 हजार लिटर पाणी मावतं. त्याचा पीएच 7.2 ते 7.8 आणि मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आहे का, हे साध्या किटने रोज तपासावं लागतं. पीएच वाढला की क्लोरीन असूनही जंतू मारण्याची त्याची ताकद घटते. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो, तेव्हा बहुतेकदा क्लोरीन जास्त नसतं. ते घाम आणि लघवीशी मिळून खर्ची पडलेलं असतं. म्हणून आधी अंघोळ, मगच पोहणं. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही काही दिवस टिकतात.

कंत्राटदाराला पैसे देण्याआधी घरात सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारा: ऑगस्टच्या मुसळधार पावसात, मुलांच्या शाळा सुरू असताना, रोज सकाळी हे पाणी कोण तपासणार? नाव निघालं तर पूल जरूर सुरू करा. पोहण्यासारखा व्यायाम नाही, गुडघेदुखीवाल्यांनाही तो झेपतो. नाव निघालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पाणी मुरावं म्हणून तळाला भोकं पाडून घ्या, मुरूम आणि माती भरा, वर भाजी लावा. तोही त्या जागेचा चांगलाच उपयोग आहे.