गप्प केलेल्या जनुकाची साक्ष

मृगाचा पाऊस झाला, की आमच्या टिळकवाडीत रेल्वे गेटच्या आसपासच्या मोकळ्या जागांत पाणी साचते आणि रात्री बेडकांची मैफल सुरू होते. मराठीत तो बेडूक, कन्नडमध्ये कप्पे. ओरडणे मात्र दोन्ही भाषांत एकच! आम्ही विद्यार्थी असताना या प्राण्याची आमची ओळख झाली ती मेणाच्या ट्रेमध्ये. क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक उताणा पडलेला, चारही पायांत टाचण्या आणि आमच्या हातात कात्री. हृदय, यकृत, जठर अशी नावे जर्नलात सुबक अक्षरात लिहिली, की प्रात्यक्षिक संपले. कोणता अवयव कोठे असतो हे आम्ही शिकलो. तो तेथे आला कसा, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही आणि आम्हांलाही तो कोणी विचारला नाही.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि 2014 मध्ये ते बंद करण्यास सांगितले. बेडकांच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. पण ट्रेच्या जागी तक्ता आणि संगणकाचा पडदा आला म्हणून शिकण्याची रीत बदलली, असे नव्हे. आजही आपण विज्ञान म्हणजे तयार उत्तरांची यादी असे समजून ते पाठ करतो. म्हणूनच बेडकाच्या आणि माशाच्या भ्रूणांवरील एका प्रयोगपद्धतीची हकीकत, तिला लागलेल्या ठेचेसह, जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'जीन नॉकडाउन' हे त्या पद्धतीचे नाव.

एका अंड्यापासून डोके, हृदय, कातडी हे सारे घडते. या घडणीत कोणत्या जनुकाचे काम कोणते, हे ओळखायचे कसे? एक सरळ उपाय असा, की त्या जनुकाला गप्प बसवावे आणि काय बिघडते ते पाहावे. जनुकातील आज्ञेची एक नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. पेशीत या नकलेचे भाषांतर होऊन प्रथिन तयार होते. 'भाषांतर' हा येथे शास्त्रातलाच शब्द आहे. आणि भाषांतर अडले की काय होते, हे बेळगावकराला समजावून सांगण्याची गरज नाही! कचेरीतला कागद एका भाषेत, वाचणारा दुसऱ्या भाषेचा. मधला भाषांतरकार अडला की काम अडले. मॉर्फोलिनो नावाचा सुमारे 25 घटकांचा कृत्रिम रेणू नेमके हेच करू शकतो. संदेशाच्या आरंभावर तो चिकटून बसतो आणि भाषांतर सुरूच होऊ देत नाही. मूळ जनुक शाबूत, नक्कलही शाबूत. प्रथिन मात्र तयार होत नाही.

हा रेणू अमेरिकेतील जेम्स समर्टन यांनी शोधला. 2000 साली जॅनेट हीझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आफ्रिकेतील झेनोपस जातीच्या बेडकाच्या भ्रूणात वापरला. बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन अडवताच भ्रूणाची पाठीकडची बाजू आणि डोके घडेनासे झाले. त्याच वर्षी नासेविशियस आणि एकर यांनी ही युक्ती झेब्राफिश माशात करून दाखवली. हा मासा तर आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील 1822 च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. त्याचे भ्रूण आईच्या पोटाबाहेर वाढते आणि पारदर्शक असते. साधारण 24 तासांत हृदयाचे ठोके दिसू लागतात, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांचे जोडीदार या माशात सापडतात. बारीक सुईने अंड्यात थेंबभर द्रावण टोचावे आणि दोन दिवसांत निष्कर्ष हाती यावा, यापरते सोपे काय? जगभरच्या प्रयोगशाळांतून शोधनिबंधांचा पूर लोटला.

आणि मग ठेच लागली. जनुक गप्प न करता ते मुळातच बिघडवण्याची साधने पुढे सुलभ झाली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॉर्फोलिनोने दिसलेल्या दोषांची अशा उत्परिवर्तित माशांशी तुलना केली गेली. मॉर्फोलिनोने दिसलेले सुमारे 80 टक्के दोष त्या माशांत दिसलेच नाहीत! मग साक्ष खरी कोणाची?

काही दोष मॉर्फोलिनोचाच होता. तो कधी भलत्याच ठिकाणी चिकटतो, कधी पेशींना विषासारखा बाधतो. पी-53 नावाचे जनुक त्यामुळे जागे होऊन पेशी मरतात, हे 2007 मध्येच दाखवले गेले होते. पण म्हणून मॉर्फोलिनो खोटा आणि उत्परिवर्तन खरे, असा निकाल देऊन मोकळे होता येत नाही. त्याच 2015 साली ईजीएफएल-7 या जनुकाबाबत असे दिसले, की ते गप्प केले तर रक्तवाहिन्या बिघडतात, पण ते मुळातच बिघडलेले असेल तर बहुतेक मासे ठीक वाढतात. कारण त्या माशांत दुसरी जनुके अधिक काम करू लागतात. 2019 मध्ये यामागची एक यंत्रणा उलगडली. बिघडलेल्या जनुकाची सदोष नक्कल पेशी फाडून टाकते आणि त्या फाडण्यामुळेच तिच्यासारखी दुसरी जनुके कामाला लागतात. कचेरीत फाटके कागद दिसताच हेडक्लार्कने दुसऱ्या कारकुनाला कामाला लावावे, तसे हे झाले. मॉर्फोलिनो कागद फाडत नाही, म्हणून हेडक्लार्कला पत्ताच लागत नाही.

तात्पर्य, 'हे गप्प केले आणि ते बिघडले' एवढ्यावरून 'हेच त्याचे कारण' असे म्हणता येत नाही. उलट, 'हे काढले आणि काही बिघडले नाही' म्हणून ते निरुपयोगी, असेही म्हणता येत नाही. म्हणूनच जाणते संशोधक आता दोन वेगवेगळे मॉर्फोलिनो वापरून पाहतात. हरवलेले प्रथिन परत पुरवले तर दोष भरून निघतो का, हे तपासतात. उत्परिवर्तित माशाशी ताळा घेतात. हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. एखाद्या आजारी बालकात बदललेले जनुक सापडले, तर त्याचा अर्थ लावण्यासाठी डॉक्टर कित्येकदा अशाच माशांच्या साक्षीकडे पाहतात. साक्ष खोटी निघाली, तर त्या बालकाचा इलाज भलत्या दिशेला जाईल.

हे सारे आपल्यापासून फार दूरही नाही. पुण्यात लीला मुल्हेरकर यांनी वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोला घेतलेली भ्रूणविज्ञानाची विद्या विद्यापीठात रुजवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांच्या गटाने झेब्राफिशच्या कातडीचा अभ्यास करताना एक असा मासा वर्णिला, की ज्याच्या कातडीवर जणू शहारे आल्यासारखे पेशींचे पुंजके दिसतात. दोष निघाला मायोसिन-5बी या जनुकात. याच जनुकातील दोषामुळे माणसाच्या तान्ह्या मुलांना आतड्याचा एक गंभीर विकार होतो. माशाच्या कातडीतून बालकाच्या आतड्यापर्यंतचा धागा असा सापडतो. आणि खुद्द टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोमध्ये एके काळी देवीची लस तयार होत असे, हे आपण कसे विसरावे?

काही प्राध्यापक मित्र म्हणतील, "बी.एस्सी.च्या मुलांना हे वाद कशाला? परीक्षेत दोन गुणांची व्याख्या येते, ती त्यांनी लिहावी." त्यांची अडचण मला कळते. अभ्यासक्रम मोठा आणि तास थोडे. पण व्याख्या मुलगा परीक्षेनंतर विसरतो. पुराव्याला प्रतिप्रश्न करण्याची सवय मात्र जन्मभर पुरते. तो पुढे औषधविक्रेता होवो, शिक्षक होवो, नाही तर निपाणीला वडिलांचे दुकान सांभाळो.

माझी सूचना साधी आहे. मॉर्फोलिनो टोचण्याची सोय आपल्या महाविद्यालयांत नाही. ती नसली तरी चालेल. पण झेब्राफिश शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत मिळतो. नियमांचे पालन करून एक टाकी ठेवावी. पहाटे दिवा लागताच मासे अंडी घालतात. ती काचेच्या बशीत घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तासातासाने पाहावीत. एका बशीतील पाणी थोडे गार, दुसरीतील नेहमीचे, एवढाच फरक करून वाढ मोजावी. कोणाशी तुलना केली, किती अंडी मोजली, दुसरे कोणते कारण असू शकते, हे तीन प्रश्न जर्नलात प्रत्येक आकृतीखाली लिहावेत.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, एका दिवसाच्या भ्रूणाच्या छातीत हृदयाचा पहिला ठोका पडताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात, की 'हे कशामुळे?' हा प्रश्न तुम्हांला कोणी शिकवावा लागणार नाही. त्याचे उत्तर कोणी फार घाईने दिले, तर ते लगेच न स्वीकारण्याचे धैर्य तेवढे अंगी बाणवा.