आधी पाय मोजा, मग सायकल घ्या

आमच्या बोईसरात सायकल घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न, "गिअर किती?" दुसरा, "डिस्क ब्रेक आहे का?" आणि तिसरा, "शेवटचा भाव बोला!" फ्रेमचा साईज कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. त्याचीच ही रडकथा.

दुकानात एक एमटीबी मनात भरली, डिस्काउंटही घसघशीत. फ्रेम 19 इंची. दुकानदार म्हणाला, "साहेब, उंची पाच-सात ना? आरामात चालेल. सीट खाली करून देतो." सीट खाली झाली, मी खूष!

पहिल्याच रविवारी चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत गेलो. परत येईपर्यंत मान अवघडली, तळहातांना मुंग्या. हँडल लांब पडतंय म्हणून सीट पुढे सरकवली. हात सुखावले, गुडघे बोंबलायला लागले. आमच्या धंद्यात याला वर्कअराउंड म्हणतात. एक बग दाबायचा, दोन नवे जन्माला घालायचे.

कळस झाला पालघर-मनोर रस्त्यावर, वाघोबा खिंडीत. चढावर दम लागला म्हणून पाय टेकवायला गेलो, तर जमीन लांब आणि वरची नळी जवळ. नको तिथे लागली आणि मी सायकलसकट आडवा. मागून टँकर येत होता. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय.

पुढचे सात महिने ती सायकल गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी आली. वाईट याचं वाटतं की मी दोष स्वतःलाच देत होतो. बैठं काम, सुटलेलं पोट, आता हे आपल्याच्याने होणे नाही... मग एकदा मित्राची 17 इंची सायकल सहज चालवली आणि ट्यूब पेटली. खोट अंगात नव्हती, मापात होती.

तशी आपल्याला मापाबाहेरच्या गोष्टींची सवय लहानपणापासूनची. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा. सायकल बाबांची, काळी, 22 इंची. सीटवरून पाय पोचत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून हाफ पायडल! बाबा त्याच सायकलवर तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जायचे. घरात एकच सायकल होती, तेव्हा माणसाने तिच्याशी जुळवून घेणं भाग होतं. आज वीस-तीस हजार स्वतःसाठी मोजताना कशाला जुळवून घ्यायचं?

तर मंडळी, करायचं एवढंच. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये, सीटसारखं वर दाबून धरा. त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याला 0.226 ने गुणा, एमटीबीच्या फ्रेमचा ढोबळ इंची आकडा मिळतो. माझे पाय 76, म्हणजे 17.2. मी चालवत होतो 19! उंची तीच असली तरी कुणाचे पाय लांब असतात, कुणाचं धड. म्हणून नुसत्या उंचीवर जाऊ नका. आणि दुकानातलं "27.5 ची" किंवा "29 ची" हे चाकाचं माप असतं, फ्रेमचं नव्हे.

हल्ली वरची नळी उतरती असते, शिवाय एका कंपनीचा एम दुसरीच्या एमसारखा नसतो. म्हणून सायकलवर बसून बघाच. दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर नळी आणि तुम्ही यांच्यात निदान दोन इंच फट हवी. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले हवेत.

दोन साईजच्या मध्ये अडकलात तर? माझं मत, लहान घ्या. सीट वर करता येते (दांड्यावरच्या मिनिमम खुणेपर्यंतच हं!), स्टेम थोडा लांब बसवता येतो. मोठी फ्रेम मात्र कापून लहान करता येत नाही. गिअर, ब्रेक, टायर पुढे कधीही बदला. फ्रेम म्हणजे आर्किटेक्चर, ते चुकलं की पॅच मारत बसा.

आपला साईज दुकानात नसेल तर सरळ सांगा, "मागवून द्या, थांबतो." मी ती 19 इंची निम्म्या किमतीत विकली, माझ्यापेक्षा चांगल्या हातभर उंच माणसाला. तो खूष आहे. गेल्या रविवारी नव्या 17 इंचीवर मी वाघोबा खिंड न थांबता चढलो. पोट अजून आहे तसंच आहे.