पिंजऱ्यातील पिवळे पीस



सात रस्त्याजवळील माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजोबांनी कागदाच्या पुडीतून पीस काढून माझ्यापुढे ठेवले. “डॉक्टर, आमचा बजरीगार हिरव्याचा पिवळा होतोय. ही गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच आहे.”

हिरवा रंग म्हणजे पिवळे रंगद्रव्य आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेतून दिसणारा निळा यांचा मेळ. उगवलेले पीस निर्जीव असते. म्हणून आहारातील उणीव नव्या पिसांतच प्रकटते. केवळ राळे व सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व अपुरे पडते, यकृतात चरबी साठते. बुरशी लागलेले शेंगदाणे तर विषच. गाजर, मेथी, कोथिंबीर धुऊन रोज थोडी द्यावी. चॉकलेट व अ‍ॅव्होकॅडो कधीही नको. पिल्लाच्या कपाळावरील रेघा तीन-चार महिन्यांनी जातात, ते स्वाभाविक आहे. अन्य बदल पशुवैद्यकांना दाखवावेत.

आता माझ्या अधिकारातील गोष्ट. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा आजार माणसाच्या फुप्फुसांत शिरू शकतो. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. वृद्धांत तो गंभीर होतो. पेनिसिलिन गटातील औषधे त्यावर चालत नाहीत; म्हणून घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पिंजरा मुखपट्टी लावून, ओल्या फडक्याने पुसावा.

आणि देशी राघू पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानी असावे.

आजोबांची छाती तपासली, स्वच्छ होती. पक्ष्याला घेऊन ते त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे गेले.