वामन परत न आला, मग हिरो कोण?

माझी चौदा वर्षांची भाची फ्रीमॉन्टला राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आठवडाभर आमच्याकडे सांता क्लाराला आली होती. तेवढ्यात तिने 'हंगर गेम्स'ची तिन्ही पुस्तकं तिसऱ्यांदा वाचून संपवली. "तिसऱ्यांदा काय मिळतं गं त्यात?" मी विचारलं. "मावशी, कोणीतरी सगळं नीट करतंय हे वाचायला बरं वाटतं."

उत्तर प्रामाणिक होतं. मला खटकलं ते तेच.

या कादंबऱ्यांचा साचा ओळखीचा आहे. जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' या पुस्तकात तो मांडला: नायक घर सोडतो, कसोट्यांतून जातो, काहीतरी मोलाचं घेऊन परततो. वनवासाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्यात फारसं नवल नाही. गंमत अशी की त्याच १९४९ साली ऑर्वेलची '१९८४' आली. विन्स्टनच्या वाट्याला सगळं काही येतं: चोरून लिहिलेली डायरी, चोरटं प्रेम, गुरू वाटणारा ओब्रायन. पण गुरूच छळणारा निघतो आणि विन्स्टन परततो तो बिग ब्रदरवर प्रेम करत. त्याच्याही आधी झाम्यातिनच्या 'वी'मध्ये नायकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून कल्पनाशक्तीच काढून टाकतात. म्हणजे जुने लेखक साचा वापरत ते तो मोडण्यासाठी. अलीकडच्या किशोरकादंबऱ्या बहुतेक वेळा तो दिलासा द्यायला वापरतात. सुझान कॉलिन्सवर अन्याय नको. तिची कॅटनिस मनाने मोडूनच परतते, आणि तिचा निर्णायक बाण आपल्याच बाजूच्या अध्यक्षेवर सुटतो. भाचीला ते पान आठवतं, पण आवडत नाही.

माझा आक्षेप साधा आहे. अख्खी व्यवस्था सडल्याची गोष्ट एका माणसाच्या परीक्षेची गोष्ट झाली, की उरलेले आपण सगळे प्रेक्षक होतो. आमच्या या खोऱ्यात तर प्रत्येक स्टार्टअपवाला स्वतःची गोष्ट याच चालीवर सांगतो. गॅरेज, नकार, देवमाणूस भेटावा तसा भेटलेला गुंतवणूकदार, विजय. ऐकून ऐकून कान किटले.

मराठीत या साच्याला बगल देणारं पुस्तक आहे, जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला'. खोदकामात एक पुरातन पेटी सापडते, आणि तिच्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा अतिबुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो. नाव तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्या बटूचं. धोक्याची घंटा तिथेच वाजते. पात्रं जरा पुठ्ठ्याची आहेत, हे कबूल. पण तलवार उपसणारा एकटा वीर इथे नाही. वेगवेगळ्या विषयांतले शास्त्रज्ञ आहेत. नायकाने घर सोडायची गरजच नाही, कारण संकट पेटीतून स्वतःच्या पायांनी आलंय. प्रश्न नायक परत येतो का हा नाही, यंत्र परत येऊ नये हा आहे. कॅम्बेलच्या साच्यातलं शेवटचं पाऊल शीर्षकातच नाकारलंय. इंग्रजीत मात्र हीच कादंबरी 'द रिटर्न ऑफ वामन' झाली! मला मराठी शीर्षकच जास्त शास्त्रज्ञाचं वाटतं.

आणि असं प्रत्यक्ष घडतं का? इथेच घडलंय. १९८१च्या अखेरीस दक्षिण सॅन होजेत, फेअरचाइल्डच्या चिप कारखान्याजवळची पिण्याच्या पाण्याची एक विहीर बंद करावी लागली. जमिनीखालच्या टाकीतून गळलेलं सॉल्व्हंट पाण्यात उतरलं होतं. धूर नाही, धुराडं नाही, म्हणून 'स्वच्छ उद्योग' असा ज्याचा लौकिक, त्याची ही गोष्ट. बातमी पेपरात आल्यावर जवळच्या वस्तीतली एक आई स्वतःच्या आजारी बाळाकडे बघून शेजारीपाजारी चौकशी करू लागली. १९८२ साली 'सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन' उभी राहिली. रहिवासी, कामगार, वकील, अग्निशमन दलाचे अधिकारी यांच्या खटपटीतून रसायनांच्या साठ्यांसाठी स्थानिक नियम आले; पुढे राज्यानेही जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला. राज्याच्या आरोग्य खात्याला त्या वस्तीत आपोआप झालेले गर्भपात आणि जन्मजात दोष जास्त आढळले, पण ते पाण्यामुळेच झाले हे सिद्ध करता आलं नाही. संशोधक म्हणून मला हे वाक्य गिळायला जड जातं, पण ते जसंच्या तसं सांगायला हवं.

यावर सिनेमा काढणं अवघड आहे. कळसाचा प्रसंग काय, तर टाकीला दुहेरी भिंत सक्तीची असावी का, यावरची सभा. कोणी घर सोडलं नाही, त्यामुळे कोणी परतलंही नाही. आणि गोष्ट संपलेलीही नाही. सांता क्लारा काउंटीत सुपरफंडच्या यादीतल्या जागा अमेरिकेतल्या इतर कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त आहेत, आणि त्यांतल्या काहींवर जमिनीखालचं पाणी स्वच्छ करण्याचं काम अजून चालू आहे.

हे सगळं मी भाचीला जेवताना सांगितलं. तिने पाण्याच्या ग्लासकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "आता ते पाणी कोण चेक करतं?" मला नाव सांगता आलं नाही. मग आम्ही दोघींनी बसून पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल उघडला. तक्ते बघून ती अकरा मिनिटांत कंटाळली. नारळीकरांचं पुस्तक मात्र घेऊन गेली आहे. मराठी अक्षरं जुळवत वाचते, त्यामुळे वेळ लागेल. परवा मेसेज आला: वीस पानं झाली, अजून हिरो आला नाही.