रहस्यपटातील भय आणि आपले भय

रहस्यपट म्हणजे हलकी करमणूक, विद्यार्थ्यांनी त्यापासून दूरच राहावे, असे मत पालकवर्गात अनेकदा ऐकू येते. ते मला मान्य नाही. रहस्यपट डोळसपणे पाहण्याची सवय लागली, तर भय कसे निर्माण केले जाते, हे मुलांना उमगते. आणि हे ज्ञान आपल्या मुलांना आवश्यक आहे.

या चित्रपटांचे काही रूढ संकेत असतात : ओसाड वाडा, रात्रीचा पाऊस, करकरणारे दार. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) दिवंगत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी एक आरोपी स्त्री वकील नायकाला ‘मी तुमचीच पत्नी’ असे सांगते. ती कोण, हे नायकाप्रमाणे प्रेक्षकालाही ठाऊक नसते. हे झाले कुतूहल. उत्कंठेची जात निराळी. आल्फ्रेड हिचकॉक धक्का आणि उत्कंठा यांतील भेद समजावून देताना बॉम्बचे उदाहरण देत असे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर क्षणभर धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळले, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही असह्य होतात.

आपल्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचे सुपुत्र अण्णा भाऊ साठे हे मर्म पुरेपूर जाणत होते. ‘फकिरा’ कादंबरीच्या आरंभी राणोजी शिगावची जोगणी वाटेगावला आणण्यास निघतो. जोगणी नेणारा शिवेच्या आत सापडला, तर त्याचा शिरच्छेद. शीव ओलांडली, तर जत्रेचा मान नव्या गावाचा. हा नियम वाचकाला माहीत असल्यामुळेच शीव लांब लांब जात असल्याचा भास होतो. राणोजी शीव ओलांडतो आणि तरीही मारला जातो. नियम त्याने पाळलेला असतो. बलवानांनी तो मोडलेला असतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट याच जातकुळीचा आहे. हैदराबादेत संसार थाटलेल्या आर्ची-परश्याच्या घरी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. तेथे वाडा नाही, पाऊस नाही. चहा ठेवला जातो. रूढ संकेतांप्रमाणे हा समेटाचा प्रसंग आहे. परंतु त्या माणसांना ओळखणाऱ्या प्रेक्षकाचा श्वास त्या चहापाशीच अडकतो. पुढे रक्ताने माखलेली बाळपावले घराबाहेर पडतात, तेव्हा पडद्यावर आवाजही उरत नाही. ज्यांनी जातीचा धाक पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्यांना हा संकेत कोणी समजावून द्यावा लागला नाही.

म्हणूनच मला वाटते, मराठी रहस्यपटाने उसन्या हवेल्यांत भय शोधण्याचे कारण नाही. भुताचे भय दिवा लावताच ओसरते. दिवा लावल्यावरही जे उरते, ते माणसाने माणसासाठी निर्माण केलेले असते. वसतिगृहात चित्रपट दाखवल्यावर मुलांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आपल्याला आधी काय सांगितले गेले? काय लपवले गेले? आणि येथे धोका नेमका कोणाला होता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो विद्यार्थी शोधू लागेल, तो केवळ चित्रपटच नव्हे, तर आपले गावही नव्या नजरेने पाहील.